तांबड्या पेशीला ‘जग’ कोण म्हणतं?

आत्याच्या फ्रिजमध्ये, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीमागे, एक चपटी पांढरी खोकी असते. तिच्यात औषध आधीच भरलेली छोटी सिरिंज. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला निघताना आत्या ती थर्मासमध्ये ठेवते. तळाला बर्फाची पिशवी, तिच्यावर टॉवेलची घडी आणि घडीवर सिरिंज. बर्फाला टेकून गोठली तर वाया, उन्हात तापली तर वाया, जोरात हलली तरी वाया, असं औषधाच्या दुकानातल्या मुलानं तिला बजावलेलं आहे. रिक्षात ती तो थर्मास मांडीवर धरून बसते, तान्हं मूल धरावं तसा.

गेल्या पावसाळ्यात तिनं मला विचारलं, “अगं, एवढंसं पाण्यासारखं औषध. यानं रक्त कसं वाढतं? यात रक्त असतं का?”

मी रक्ताच्या प्रयोगशाळेत काम करते. अस्थिमज्जेच्या, म्हणजे हाडातल्या मगजाच्या, काचपट्ट्या बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. तरी तिला पटकन उत्तर देता आलं नाही. “रक्त नसतं आत्या, निरोप असतो,” एवढंच म्हणाले. तिचं समाधान झालं नाही आणि माझंही. म्हणून हा लेख.

त्या सिरिंजमध्ये एरिथ्रोपोएटिन नावाचं प्रथिन असतं. तोंडात मावत नाही म्हणून सगळे ‘इपो’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. निरोगी माणसाची मूत्रपिंडं इपो स्वतःच बनवतात. मूत्रपिंडांचं काम नुसतं रक्त गाळण्याचं नाही. रक्तातून पोचणारा प्राणवायू पुरेसा आहे ना, यावरही त्यांची नजर असते. तो कमी पडला, मग रक्त वाहून गेल्यामुळे असो किंवा लेहसारख्या उंच ठिकाणी गेल्यामुळे असो, की काही तासांत इपो वाढतं. प्राणवायूची ही चाहूल पेशींना लागते कशी, हे उलगडणाऱ्या तिघांना, विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना, २०१९ चं नोबेल मिळालं. आत्याच्या मूत्रपिंडांनी गाळण्याचं काम सोडलं तसं निरोप धाडायचंही सोडलं. तिची अस्थिमज्जा शाबूत आहे, कामाला तयार आहे, पण तिला काही ऐकूच येत नाही. म्हणून निरोप बाहेरून, बर्फात घालून न्यावा लागतो.

काचपट्टीवर काय दिसतं

आपल्या शरीरात दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात. दिवसाचा हिशोब मांडला तर १७ हजार कोटींहून जास्त. एक तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि मग प्लीहेत किंवा यकृतात मोडीत निघते. म्हणजे रोज जेवढ्या मरतात तेवढ्याच रोज जन्माव्या लागतात. मोठ्या माणसात हा सगळा कारखाना कमरेचं हाड, मणके, छातीचं हाड, बरगड्या यांच्या पोकळीत चालतो.

कमरेच्या हाडातून सुईने ओढलेला मगज काचेवर पसरून लिशमनच्या रंगात बुडवला, की तांबड्या पेशीची वाढ रंगांतून वाचता येते. सगळ्यात कोवळी पेशी मोठी असते, तिचं केंद्रक विस्तीर्ण आणि भोवतीचा द्रव गडद निळा, शाईसारखा. निळा अशासाठी की प्रथिनं बनवण्याची सगळी जुळवाजुळव, म्हणजे आरएनए, तिथे ठासून भरलेली असते. पुढच्या टप्प्यातली पेशी लहान होते आणि निळ्यात करडी झाक येते, कारण हिमोग्लोबिन साठायला लागलं. मग करड्यात गुलाबी. केंद्रक आक्रसत आक्रसत काळ्या मण्याएवढं होतं, कडेला सरकतं आणि एक दिवस पेशी ते बाहेर टाकून देते. कधी नशिबानं सबंध बेट जसंच्या तसं काचेवर उतरतं. मधोमध एक मोठी भक्षकपेशी आणि तिच्याभोवती लेकरांसारख्या दाटीवाटीनं बसलेल्या वाढत्या तांबड्या पेशी. टाकून दिलेली केंद्रकं हीच मधली पेशी गिळते. असं बेट दिसलं की मी हातातलं काम थांबवून शेजारच्या टेबलावरच्या मुलीला बोलावते. इतक्या वर्षांत यात खंड पडलेला नाही.

पण काचपट्टीवर एक गोष्ट दिसत नाही. ज्या पेशी या रांगेत उभ्या होत्या आणि पुढे आल्याच नाहीत, त्या.

अस्थिमज्जा गरजेपेक्षा कितीतरी जास्त उमेदवार तयार ठेवते. या उमेदवार पेशी तांबडी पेशी व्हायच्या वाटेला लागलेल्या असतात, पण त्यांच्या आयुष्यात दोनेक दिवसांचा एक काळ असा येतो, की तेव्हा इपो भेटलं तरच त्या जगतात. नाही भेटलं तर स्वतःला मोडून टाकतात. अमेरिकेतल्या मार्क कौरी आणि मॉरिस बॉन्डुरंट यांनी १९९० मध्ये हे दाखवलं. इपो काढून घेतलं की या पेशींचा डीएनए तुकडे तुकडे होऊ लागतो. इपो दिलं की हे मरण थांबतं. तोवर बहुतेकांची समजूत अशी होती, की इपो पेशींना ‘विभागा, वाढा’ असा धक्का देतं. प्रत्यक्षात त्याचा पहिला शब्द ‘जग’, म्हणजे जिवंत राहा, असा आहे.

यातली खुबी अशी, की सगळ्या उमेदवारांचे कान सारखे तिखट नसतात. कुणाला अगदी थोडं इपो पुरतं, कुणाला भरपूर लागतं. एरवी रक्तात इपो कमी असतं तेव्हा तिखट कानाच्या थोड्याच पेशी तगतात, बाकीच्या गळून जातात. अपघातात रक्त गेलं की इपो चढतं आणि एरवी गळून गेल्या असत्या त्याही पेशी तगतात. मूळपेशीपासून नव्यानं सुरुवात करायची तर बरेच दिवस गेले असते. इथे माणसं दारात उभीच असतात, फक्त आत घ्यायची.

मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा वाईट वाटलं होतं, इतक्या पेशी रोज उगाच जातात म्हणून. आता तसं वाटत नाही. वाफ्यात रोपं दाट टाकून मग विरळणी करणाऱ्या शेतकऱ्याला कुणी उधळ्या म्हणत नाही.

दारावर कोण उभं असतं

इपो पेशीच्या आत जात नाही. पेशीचं आवरण तेलकट असतं आणि इपोसारखं मोठं, साखरेच्या साखळ्यांनी लगडलेलं प्रथिन त्यातून पार होऊ शकत नाही. मग बाहेरचा निरोप आत पोचतो कसा? त्यासाठी रिसेप्टर असतो. मराठीत त्याला ग्राही म्हणतात. ही एक लांब प्रथिनसाखळी. तिचा एक भाग पेशीच्या बाहेर, एक छोटा तुकडा आवरणात रुतलेला आणि उरलेली शेपटी आत. एका कोवळ्या पेशीवर इपोचे रिसेप्टर जेमतेम हजारभर असतात. पेशीच्या आकारमानाच्या मानाने हे फार थोडे, तरी तेवढ्यावर तिचं जगणं-मरणं ठरतं. १९८९ मध्ये अमेरिकेच्या व्हाइटहेड संस्थेत हार्वी लॉडिश यांच्या प्रयोगशाळेने, अ‍ॅलन डी’अँड्रिया यांच्या पुढाकाराने, या रिसेप्टरचं जनुक वेगळं काढलं. त्याच वर्षी इपोचं इंजेक्शन अमेरिकेत रुग्णांसाठी मंजूर झालं. निरोप आणि तो ऐकणारा कान, दोघं एकाच वर्षी जगापुढे आले.

इपोच्या रेणूला दोन बाजू असतात. एका बाजूने तो एका रिसेप्टरला घट्ट पकडतो. दुसऱ्या बाजूची पकड तिच्या मानाने हजारपटीने सैल असते, पण पहिला रिसेप्टर हाती आलाच आहे म्हटल्यावर शेजारी असलेला दुसरा पकडायला तेवढी पुरते. एक इपो, दोन रिसेप्टर. पूर्वी असं मानत की लांब असलेले दोन रिसेप्टर इपोमुळे जवळ येतात, आणि काम झालं. नंतर कळलं की ते काही वेळा आधीपासूनच जोडीने असतात, पण कोन चुकलेला असतो. इपो येऊन ती जोडी नीट वळवून बसवतं. २०१५ साली स्टॅनफर्डच्या एका गटाने इपोऐवजी माणसाने घडवलेली, वेगवेगळ्या कोनांत रिसेप्टर धरणारी प्रथिनं वापरून पाहिली. कोन आणि अंतर बदललं तसा आत पोचणारा निरोपही क्षीण किंवा जोरकस झाला. चावी कुलपात गेली म्हणजे दार उघडलं असं नसतं, ती नेमकी फिरावी लागते.

आता आतल्या बाजूला येऊ. माझ्या मते सगळ्यात देखणा भाग हाच.

इपोच्या रिसेप्टरला स्वतःचं काम करणारं हत्यार नाही. त्याच्या शेपटीला, आवरणाच्या अगदी खाली, एक वेगळं प्रथिन धरून बसलेलं असतं. त्याचं नाव जॅक-२. हे एक कायनेज आहे, म्हणजे दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा छोटा गट चिकटवणारं विकर. जॅक हे नाव जेनस या रोमन देवावरून आलं. त्याला दोन तोंडं असतात, तशी या प्रथिनाला दोन सारखी दिसणारी अंगं आहेत. एक खरोखर काम करतं. दुसरं कायनेजसारखं दिसतं, पण त्याचं मुख्य काम पहिल्याला धरून ठेवणं, लगाम घालणं. हा लगाम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन रिसेप्टर नीट कोनात आले की त्यांच्या शेपटीवरचे दोन जॅक-२ एकमेकांच्या टप्प्यात येतात. लगाम सैल पडतो आणि प्रत्येक जॅक शेजारच्या जॅकवर फॉस्फेट चिकटवतो. दिव्याने दिवा लागतो तसं. पेटलेले जॅक मग रिसेप्टरच्या शेपटीवर ठरावीक जागी फॉस्फेटचे टिळे लावत सुटतात. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात ना, तसंच हे. कागद तोच, मजकूर तोच, पण कुंकू लागलं की ती पत्रिका देण्याजोगी झाली. फॉस्फेट लागलेल्या जागा ओळखणारी प्रथिनं पेशीत फिरतच असतात. कोरी शेपटी त्यांना दिसत नाही, टिळा लागलेली दिसते.

त्यातलं आपल्या कामाचं प्रथिन म्हणजे स्टॅट-५. ते येऊन शेपटीला चिकटतं, जॅक त्यालाही टिळा लावतो, आणि मग दोन स्टॅट-५ एकमेकांना धरून जोडीने थेट केंद्रकात जातात. मध्ये दहा टेबलं नाहीत, दहा सह्या नाहीत. दारावर निरोप ऐकणाराच आत जाऊन डीएनएवर बसतो आणि ठरावीक जनुकं चालू करतो. इपो येऊन भिडल्यापासून हे घडायला काही मिनिटं लागतात.

चालू झालेल्या जनुकांपैकी एकातून बीसीएल-एक्सएल नावाचं प्रथिन बनतं. हे पेशीच्या मरणाचं दार अडवून उभं राहतं. पेशीला मरायचं झालं की तिच्या तंतुकणिकांना भोकं पडतात आणि आतली द्रव्यं बाहेर येऊन तिला आतून कापू लागतात. बीसीएल-एक्सएल ती भोकं पडू देत नाही. ‘जग’ हा शब्द पेशीच्या भाषेत अखेर असा लिहिला जातो. रिसेप्टरपासून आणखीही वाटा फुटतात, त्यातल्या काही वाढीच्या आणि विभागणीच्या आहेत. त्या सगळ्यांची नावं इथे देत बसत नाही, मुख्य धागा हाच आहे.

दुधाचा हार्मोन आणि तांबडी पेशी

इथे एक शंका येईल, निदान मला आली होती. हा निरोप नुसता ‘जग’ म्हणतो, की ‘तांबडी पेशी हो’ असंही सांगतो?

१९९५ मध्ये लॉडिश आणि रुडॉल्फ येनिश यांच्या प्रयोगशाळांनी मिळून असे उंदीर तयार केले, ज्यांच्यात इपो किंवा त्याचा रिसेप्टर नव्हताच. ती पिल्लं आईच्या पोटातच, गर्भाच्या साधारण तेराव्या दिवशी, रक्ताविना दगावली. पण त्यांच्या यकृतात, कारण गर्भात रक्त तिथे तयार होतं, तांबड्या पेशींच्या उमेदवार पेशी सापडल्या. म्हणजे इपो नसतानाही पेशी त्या वाटेला लागल्या होत्या. फक्त पुढचं पाऊल टाकायला जिवंत राहिल्या नाहीत.

यानंतरचा प्रयोग तर मी कितीदा सांगितला असेल. मेरव्ह सोकोलोव्स्की आणि सहकाऱ्यांनी इपोचा रिसेप्टर नसलेल्या या पेशींवर प्रोलॅक्टिनचा रिसेप्टर बसवला. प्रोलॅक्टिन म्हणजे आईच्या अंगावर दूध आणणारा हार्मोन. त्याचाही रिसेप्टर जॅक-२ आणि स्टॅट-५ यांच्याच वाटेने बोलतो. मग त्या पेशींना प्रोलॅक्टिन दिलं. काय व्हावं? त्या पेशी निमूटपणे तांबड्या पेशी झाल्या. दुधाशी संबंधित काहीही झालं नाही.

काय व्हायचं ते पेशीने आपल्या आतल्या नियामक प्रथिनांच्या जोरावर आधीच ठरवलेलं असतं. तांबड्या पेशींच्या बाबतीत गाटा-१ नावाचं प्रथिन त्यात पुढे असतं. रिसेप्टर तिला परवानगी देतो, बळ देतो, वेळ देतो. शब्द तोच असला तरी ऐकणारा कोण, यावर त्याचा अर्थ ठरतो. ‘चल’ हा शब्द बैलाला वेगळा आणि शाळेच्या रस्त्यावरच्या मुलाला वेगळा.

याच कारणाने रक्ताच्या इतर पेशींची गोष्ट फार निराळी सांगावी लागत नाही. प्लेटलेट बनवणाऱ्या महाकाय पेशींवर थ्रॉम्बोपोएटिन नावाच्या निरोपाचा रिसेप्टर असतो, पांढऱ्या पेशींच्या एका कुळावर जी-सीएसएफ नावाच्या निरोपाचा. दोघांच्याही शेपटीला जॅक-२ बसतो. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी घसरल्या की पोटाच्या कातडीखाली देतात ते इंजेक्शन जी-सीएसएफचं. ते घेतलेल्या अनेकांची कंबर आणि हाडं ठणकतात. मगजात कामाची धांदल उडालेली असते.

थ्रॉम्बोपोएटिनचा हिशोब मात्र वेगळा आणि फार हुशारीचा आहे. यकृत ते जवळजवळ सतत एकाच वेगाने बनवत राहतं. मोजणी यकृत करत नाही, ती प्लेटलेटच करतात. प्रत्येक प्लेटलेटवर त्याचा रिसेप्टर असतो आणि ती जवळ आलेलं थ्रॉम्बोपोएटिन पकडून गिळून टाकते. प्लेटलेट भरपूर असल्या की निरोप वाटेतच संपतो. त्या कमी झाल्या, की निरोप उरतो, मगजापर्यंत पोचतो आणि नव्या बनू लागतात. डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी प्लेटलेटचा आकडा दिवसातून दोनदा विचारला जातो. तो खाली जात असताना आत कुणीच काही करत नाही असं नसतं.

सगळे रिसेप्टर जॅकवर विसंबतात असंही नाही. किट नावाच्या रिसेप्टरची शेपटी स्वतःच कायनेज असते, टिळा लावणारा हात त्याचा त्यालाच असतो. तो अगदी कोवळ्या मूळपेशींवर असतो, इपोची पाळी येण्याच्या कितीतरी आधी. किट बिघडलेले उंदीर रक्ताने फिके असतात आणि त्यांच्या अंगावर पांढरे पट्टेही असतात, कारण रंगाच्या पेशींनाही तोच रिसेप्टर लागतो. काही कुटुंबांत पिढ्यानपिढ्या कपाळावर केसांची एक पांढरी बट जन्मापासून दिसते. तिच्यामागे बरेचदा याच किटचं जनुक असतं.

इपो सापडायला मात्र फार वर्षं गेली. १९०६ मध्ये पॅरिसच्या पॉल कार्नो आणि क्लोटिल्ड दफ्लांद्र यांनी रक्त काढलेल्या सशांचा रक्तरस दुसऱ्या सशांना दिला आणि त्यांच्या तांबड्या पेशी वाढल्याचं सांगितलं. पुढे तो प्रयोग पुन्हा नीट जमवणं अनेकांना अवघड गेलं. १९५७ मध्ये शिकागोच्या लिऑन जेकबसन आणि युजीन गोल्डवॉसर यांच्या गटाने इपो मूत्रपिंडातून येतं हे दाखवलं. गोल्डवॉसर यांनी मग ते शुद्ध स्वरूपात मिळवायला पुढची वीस वर्षं घातली. अखेर जपानच्या कुमामोतोहून ताकाजी मियाके त्यांच्याकडे आले. अस्थिमज्जा थंडावलेल्या रुग्णांचं २५५० लिटर मूत्र गोळा करून त्यांनी ते आटवून आणलं होतं. त्यातून १९७७ मध्ये काही मिलिग्रॅम शुद्ध इपो निघालं. असेच रुग्ण का? मूत्रपिंड ठणठणीत आणि रक्त कमी, म्हणून ते जिवाच्या आकांताने हाका मारतं. हाक ऐकून ती पकडायला मगजात पेशी उरलेल्याच नसतात, म्हणून तो निरोप साठत जातो आणि मूत्रातही उतरतो. ज्यांना त्या निरोपाचा काहीच उपयोग नव्हता, त्यांच्याकडून तो मिळाला आणि आज तो आत्याच्या थर्मासमध्ये आहे. मला हे विसरता येत नाही.

‘पुरे’ कोण म्हणतं

निरोप ऐकून पेशी जगते हे खरं, पण ऐकणं थांबवणंही तिला तितकंच यावं लागतं. रिसेप्टर पेटल्यावर थोड्या वेळात पेशी तो विझवायला लागते. टिळे पुसणारी विकरं येतात, त्यातलं एक एसएचपी-१, तेही शेपटीवरच्याच एका टिळ्यावर येऊन बसतं. स्टॅट-५ ने चालू केलेल्या जनुकांत जॅकला अडवणारी प्रथिनंही असतात, म्हणजे हुकूम घेऊन गेलेलाच परतीची चिठ्ठी आणतो. वापरलेला रिसेप्टर पेशी आत ओढून मोडून टाकते. पेशी पुरती गुलाबी होईपर्यंत तिच्यावर इपोचे रिसेप्टर जवळजवळ उरलेले नसतात. तिला आता कुणाची परवानगी लागत नाही.

हे विझवणं किती महत्त्वाचं, ते फिनलंडच्या एका माणसामुळे समजलं. एरो मॅन्टिरांता हा लॅपलंडमधला, बर्फावर स्कीने शर्यती करणारा खेळाडू. १९६४ च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिम्पिकमध्ये त्याने दोन सुवर्णपदकं मिळवली, सगळी मिळून त्याची ऑलिम्पिक पदकं सात. त्याचं हिमोग्लोबिन वीसच्या वर असायचं, धडधाकट पुरुषाचं साधारण तेरा ते सतरा असतं. लोकांना रक्त चढवून घेतल्याचा संशय येई. १९९३ मध्ये अल्बर्ट दे ला शापेल यांच्या गटाने त्याच्या कुटुंबाचा अभ्यास मांडला. त्या घरातल्या अनेकांमध्ये इपोच्या रिसेप्टरची शेपटी टोकाकडून ७० अमिनो आम्लांनी तोकडी होती. जॅक बसायची जागा शाबूत होती. तुटलेल्या टोकाबरोबर एसएचपी-१ येऊन बसायची जागा गेली होती. ‘जग’ ऐकू यायचं, ‘पुरे’ म्हणणाऱ्याला टेकायला जागाच नव्हती. त्यांच्या मूत्रपिंडांनी इपो वाढवलं नव्हतं, निरोप हळूच दिला जात होता. कानच फार तिखट झाले होते.

त्या कुटुंबाला ही गोष्ट फारशी बाधली नाही. दुसरा बिघाड इतका दयाळू नाही. पॉलिसायथेमिया व्हेरा या आजारात माणसाचा चेहरा लालबुंद होतो, गरम पाण्याने अंघोळ केली की अंगाला असह्य खाज सुटते, रक्त दाट होऊन गुठळ्या होण्याचा धोका असतो. अशा रुग्णाची मगजाची काचपट्टी पाहिली की चरबीची मोकळी जागा शोधावी लागते, इतकी गर्दी. १९७४ मध्ये यारोस्लाव्ह प्रचल आणि आर्थर अ‍ॅक्सेलरॅड यांना दिसलं की या रुग्णांच्या पेशी प्रयोगशाळेच्या बशीत इपो न घालताही वाढतात. निरोप आलाच नाही, तरी पेशी ‘ऐकला’ म्हणतात. कोडं सुटायला २००५ उजाडलं. त्या वर्षी फ्रान्स, स्वित्झर्लंड, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या चार गटांनी जवळजवळ एकाच वेळी तेच उत्तर दिलं. जॅक-२ मध्ये ६१७ व्या जागी व्हॅलिन असायला हवं, तिथे फेनिलअ‍ॅलानिन आलेलं असतं. एवढाच फरक. पण ती जागा नेमकी लगाम घालणाऱ्या अंगात आहे. लगाम सुटतो आणि काम करणारं अंग निरोपाविना चालू राहतं. या आजाराच्या शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त रुग्णांत हाच बदल सापडतो.

तोच जॅक-२ प्लेटलेटच्या आणि पांढऱ्या पेशींच्या रिसेप्टरखालीही असल्यामुळे अशा रुग्णाच्या अहवालात बरेचदा तिन्ही आकडे वर गेलेले असतात. जॅकला आवरणारी रक्सोलिटिनिब ही गोळी २०११ पासून अमेरिकेत मगज तंतुमय होण्याच्या आजारात वापरात आली, पुढे पॉलिसायथेमिया व्हेरातही. ती बिघडलेला जॅक आणि चांगला जॅक यांत भेद करत नाही. म्हणून ती घेणाऱ्यांचं हिमोग्लोबिन कमी होऊ शकतं. ‘जग’ म्हणणारा आवाज सगळीकडेच हळू होतो.

परत थर्मासकडे

आत्याची दोन गाऱ्हाणी होती, त्यांची उत्तरं आता देता येतात.

पहिलं, “इंजेक्शन आधी लोहाचं का दिलं? मला रक्ताचं हवं होतं.” इपो पेशीला जगवतं, पण हिमोग्लोबिन भरायला लोह लागतं. लोह नसेल तर जगवलेल्या पेशी रिकाम्या हाताने उभ्या राहतात. निरोगी शरीरात या पेशी स्वतःच लोहाची मागणी नोंदवतात. इपोचा निरोप मिळाला की स्टॅट-५ आणखी एक जनुक चालू करतं, त्यातून एरिथ्रोफेरोन नावाचा हार्मोन निघतो, तो यकृताला सांगतो की लोहावरची कुलपं काढ. २०१४ मध्ये हा हार्मोन सापडला. म्हणजे ज्या पेशीने निरोप ऐकला, ती लगेच दुसऱ्याला निरोप धाडते. आत्याच्या शरीरात लोहाचा साठाच तळाला गेला होता, म्हणून आधी तो भरला.

दुसरं गाऱ्हाणं आकड्याचं. तिचं हिमोग्लोबिन १०.८ झालं आणि डॉक्टर खूश झाले. आत्या नाही झाली. “तेरा का करत नाहीत? एक सुई जास्त द्यायची.” तसं करून पाहिलेलं आहे. १९९८ मध्ये डायलिसिसवरच्या हृदयरुग्णांत आणि २००६ मध्ये अजून डायलिसिस सुरू न झालेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांत, हिमोग्लोबिन निरोगी माणसाएवढं नेण्याचे मोठे अभ्यास झाले. २००६ च्या अभ्यासात एका गटाचं लक्ष्य १३.५ होतं, दुसऱ्याचं ११.३. जास्त लक्ष्य असलेल्या गटात मृत्यू आणि हृदयाचे गंभीर त्रास जास्त झाले. १९९८ चा अभ्यास तर मध्येच थांबवावा लागला होता. तिला मी मॅन्टिरांताचं काही सांगितलं नाही, नाहीतर “त्याला कसं चाललं?” म्हणाली असती.

इपो दिल्यावर पेशीच्या आत हालचाल मिनिटांत होते, पण हिमोग्लोबिनचा आकडा हलायला आठवडे लागतात. मधल्या काळात एक खूण लवकर दिसते. केंद्रक टाकून नुकत्याच रक्तात आलेल्या कोवळ्या तांबड्या पेशीत आरएनएचे थोडे अवशेष राहिलेले असतात. जिवंत रक्तात न्यू मिथिलीन ब्ल्यू या रंगाचे थेंब मिसळून पंधरा मिनिटं ऊबेत ठेवलं, की ते अवशेष निळ्या जाळीसारखे उमटतात. दिवसभरात ती जाळी विरते आणि पेशी इतरांसारखी होते. इंजेक्शनं सुरू झाल्यावर आठव्या दिवशी मी आत्याचं रक्त असंच रंगवलं. आधीच्या पट्टीवर शोधून शोधून एखाददुसरी दिसत होती. या वेळी भिंग सरकवलं आणि एकाच वर्तुळात मोजल्या, एक, दोन, पाच. हिरवट फिक्या पेशींच्या गर्दीत त्यांची निळी जाळी वेगळी उठून दिसत होती.

मी तिथूनच फोन लावला. आत्या म्हणाली, “काय गं, पोचला का तुझा निरोप?”

“पोचला,” म्हटलं.